टॉवेल टाकलेली खुर्ची

१२ जानेवारी

दादा,

नमस्काराचं राहू दे, आज मला तो करवत नाही. फोनच करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो, तू तिकडून फोन ठेवतोस आणि मग आई आपल्या दोघांच्या वतीने माझ्यावरच चिडते. म्हणून पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तर तू जिंकलास. केस पुलापलीकडच्या क्रेनवाल्याने घातली होती आणि वकीलही त्याचाच होता, हे मला माहीत आहे. पण तुझ्या साक्षीशिवाय त्याच्याकडे होतं काय? तो जेव्हा जेव्हा आपल्या दुकानात केस कापायला आला तेव्हा खुर्ची रिकामी नव्हती, एवढंच तो सांगू शकत होता. गर्दी कुठल्या दुकानात नसते? पुलापलीकडच्या वस्तीतला माणूस रस्ता ओलांडताना दिसला की बाबा रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल टाकायचे, आणि टॉवेल टाकलेली खुर्ची म्हणजे कुणाची तरी ठरलेली खुर्ची, ही गोष्ट दुकानाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. ती माहीत होती बाबांना, मला, आपल्या मावसभावाला आणि तुला. बाबा गेल्यावर टॉवेल मी टाकायला लागलो. बाबा होते तेव्हा तू शाळेतून आलास की त्याच टॉवेलांच्या घड्या घालत बसायचास. कोर्टात उभा राहून त्या सगळ्या घड्या उघडल्यास. घरातली गोष्ट होती ती, दादा.

कोर्टाच्या पायरीवर तू मला विचारलंस, "मी खोटं सांगितलं का?" नाही सांगितलंस. राग त्याचाच आहे.

आता निकालाबद्दल. दुकान सगळ्यांना खुलं ठेवायचं, ते ठेवलं. तसा फलक लावायचा, तो आरशाशेजारी लावलाय. दाढीचा फेस उडून उडून त्यावर ठिपके पडलेत. सहा महिन्यांनी कोर्टाचा अधिकारी येऊन क्रेनवाल्याला आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना विचारपूस करणार, आणि त्याचं समाधान झालं नाही तर परवाना रद्द. म्हणजे बाबांचं दुकान बंद. आईला मी एवढं सगळं सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

इथपर्यंत मला समजलं. गाडी अडली ती शेवटच्या परिच्छेदात. जजसाहेबांनी तिथे लिहिलंय की हा आदेश घटनेच्या सरनाम्यातल्या स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेच्या भावनेने पाळला जावा. स्वातंत्र्य कळतं, त्याला यायचं असेल तेव्हा त्याने यावं. समताही कळते, सगळ्यांना तोच दर आणि तीच कात्री. पण ही बंधुता मी नेमकी कुठे लावू? दाढीच्या आधी की नंतर? तू कॉलेजात राज्यघटना शिकवतोस. पोरांना जे सांगतोस ते मला सांग, पण सोपं करून सांग. दुकानाचा प्रश्न आहे.

बारक्या

९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर मिळालं. तू उत्तर देशील असं मला वाटलं नव्हतं, आईला वाटलं होतं.

तू लिहितोस की स्वातंत्र्यासाठी आणि समतेसाठी घटनेत कलमं आहेत, ती मोडली तर माणसाला कोर्टात जाता येतं. बंधुतेला तसं कलम नाही. ती सरनाम्यात नुसती उभी आहे, पण ती नसली तर बाकीची दोन फार दिवस तग धरत नाहीत. वाचायला छान आहे. तुझी पोरं वहीत उतरवून घेत असतील. पण ज्याला कलमच नाही ते मी पाळलं की नाही हे त्या अधिकाऱ्याने कशावरून ठरवायचं, याबद्दल तू मूग गिळून बसलायस.

असू दे. मी माझ्या डोक्याने मार्ग काढलाय आणि तो ऐकून तू गार पडशील. दुकानात तिसरी खुर्ची आणली. नवीकोरी आहे, पायाने दाबलं की वर-खाली होते, पाठ पार आडवी होते, डोकं टेकायला गादी आहे. आपल्या दोन जुन्या खुर्च्या तिच्यापुढे अगदीच बापुडवाण्या दिसतात. खिडकीपाशी उजेडात ठेवलीय. पुलापलीकडून कुणी आलं की थेट तिच्यात बसवतो. अंगावर घालायचं कापड वेगळं, इस्त्री केलेलं. त्यांना बाकावर ताटकळावंही लागत नाही. पोस्टमास्तर आपल्या नेहमीच्या खुर्चीत खूश आहेत. (निवृत्त होऊन जमाना झाला, पण सगळे त्यांना अजून पोस्टमास्तरच म्हणतात.) आधी ते म्हणाले होते, "तू त्यांचं सुरू केलंस की मी माझी दाढी घरीच करीन." आता काही म्हणत नाहीत. कुणाची कुणाला अडचण नाही.

क्रेनवालाही येतो. धिप्पाड माणूस आहे. मोठमोठ्या बांधकामांवरची उंच क्रेन चालवतो, पण खुर्चीत बसला की लहान होऊन बसतो. बसतो आणि डोळे मिटतो. मी केस कापतो, मानेमागे आरसा धरतो. तो म्हणतो, "ठीक आहे." उठतो आणि जातो.

बाबा असा आरसा धरून कसे उभे राहायचे आठवतं? समोरचा काहीतरी खोट काढेपर्यंत ते आरसा खाली घ्यायचे नाहीत. नुसतं छान म्हणून जाणारा माणूस पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात दिसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. क्रेनवाला कधी खोट काढत नाही. माझं म्हणणं, खोट नसेल तर तो बिचारा काढणार कुठून?

सांगायचं काय, तर आदेश पाळला जातोय आणि दुकान शाबूत आहे. त्या अधिकाऱ्याला आज यायचं असेल तर आज येऊ दे.

आई विचारत होती, दादाने काय लिहिलंय. मी म्हटलं, अभ्यासाचं लिहिलंय.

बारक्या

२ मार्च

दादा,

एवढा पगार घेणारा माणूस एका ओळीचं पत्र पाठवतो याचं मला नवल वाटतं. "तिसरी खुर्ची म्हणजे टॉवेलच आहे, फक्त मोठा." बस. खाली सही.

ते पत्र मी ड्रॉवरमध्ये कंगव्यांखाली दाबलं आणि दिवसभर दिसेल त्याच्यावर वसकलो. मावसभाऊ दोनदा चहाच्या निमित्ताने बाहेर जाऊन बसला. तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? तू खडू धरतोस, मी वस्तरा धरतो. तुझं चुकलं तर फळा पुसता येतो.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. एकच गोष्ट आहे, ती तुझ्या ओळीमुळे लिहीत नाहीये, हे आधीच सांगतो.

परवा आईची औषधं आणायला गेलो होतो. बस स्टॉपवर गर्दी होती आणि कुणीतरी मोठमोठ्याने गोष्ट सांगत होतं. बघतो तर क्रेनवाला. वरून काय काय दिसतं ते सांगत होता. कुणाच्या गच्चीवर कोण कुणाला चोरून भेटतं, कुठला साहेब ऑफिसात पाय टेबलावर टाकून झोपतो, एक बाई रोज सकाळी गच्चीत एकटीच कशी नाचते. नकला तर अशा करत होता की बस आली तरी चार माणसं चढली नाहीत. मी खांबाआड उभा राहून ऐकलं आणि तो मला बघायच्या आत सटकलो.

दादा, तुला हे कळणार नाही, कारण तू कधी या धंद्यात हात घातला नाहीस. माझ्या खुर्चीत माणूस बोलतो. बायकोला न सांगितलेलं मला सांगतो. मुकी माणसंसुद्धा माझ्यासमोर हातवारे करायला लागतात अशी माझी ख्याती आहे, आणि ती मी स्वतःच पसरवलेली नाही. आणि हा एवढा बोलका माणूस दर वेळी माझ्या हाताखाली डोळे मिटून बसतो. मला ते फार लागलं. त्याच्या हक्काचं वगैरे तू बघ. मला माझ्या कामाचा अपमान झाल्यासारखा वाटला.

तुझं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये.

बारक्या

२१ एप्रिल

दादा,

मध्ये बराच काळ गेला. लिहायला काही नव्हतं म्हणून नाही. हे वाचून तू खूश होणार, आणि ते मला इथे बसूनही बघवत नाही.

झालं ते असं. क्रेनवाला आला, खिडकीपाशी बसला, डोळे मिटले. मी कात्री उचलली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "बस स्टॉपवर तर चांगले रंगात आला होतात. इथे आलात की तोंडाला कुलूप का लागतं?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "इथे मला कुणी काही विचारत नाही."

"मी विचारत नाही? अख्खं दुकान माझ्या बडबडीला वैतागलंय."

"त्यांना विचारता तुम्ही." आता त्याने डोळे उघडले. आरशातून सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, "त्या काकांना गुडघ्यांचं विचारता. त्यांचं डोकं पंजात धरता, खाली दाबता, कान मुडपता. माझं डोकं कसं धरता माहितीये? दोन बोटांनी. चुलीवरचं भांडं उतरवताना धरतात तसं."

मी म्हणणार होतो की असं काही नाही. पण आरसा समोरच होता, आणि त्यात माझी दोन बोटं त्याच्या कानावर टेकलेली दिसत होती. बाकीचा हात हवेत. शपथेवर सांगतो, मला ते माहीत नव्हतं. आदेश मी चार वेळा वाचला होता, माझ्या हाताला तो कुणी वाचून दाखवला नव्हता. बाबांनी जसा शिकवला तसाच तो हात इतकी वर्षं चालत होता.

मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, तुला माहीत आहे. मी अख्खा पंजा त्याच्या टाळूवर ठेवला आणि डोकं खाली दाबलं, जरा जोरातच.

"हळू," तो म्हणाला. "मान माझी आहे."

"मान तुमची असेल, केस माझे आहेत. आणि ही मिशी कोणी ठेवायला सांगितली? दाराला तोरण लावल्यासारखी दिसते."

"मिशीला हात लावायचा नाही."

"टोकं तरी कापतो."

"टोकंच तर मिशी आहे."

पाच मिनिटं आम्ही मिशीवरून भांडलो. मावसभाऊ हातातली दाढी अर्धवट सोडून बघत उभा. शेवटी पोस्टमास्तरांनी पेपर खाली घेतला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. म्हणाले, "राहू दे रे त्याची मिशी. शोभते त्याला."

क्रेनवाला त्यांच्याकडे वळला. म्हणाला, "काका, तुमच्या गच्चीवरची टाकी रोज सकाळी भरून वाहते. वरून मला दिसते."

पोस्टमास्तर म्हणाले, "कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता."

पोस्टमास्तरांनी पेपर पुन्हा वर धरला, पण पान उलटलं नाही. निघताना मी मागे आरसा धरला, तर क्रेनवाला म्हणाला, डावीकडे जास्त घेतलंय. जास्त घेतलं नव्हतं. तरी मी उजवीकडे दोनदा कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात सांगून टाकलं की यापुढे जी खुर्ची रिकामी होईल तिच्यात पुढचा माणूस बसेल, मग तो कुणीही असो. दोघंतिघं तोंड वाकडं करून गेले ते गेलेच. त्यातला एक रोज समोरून जाताना मान पलीकडे वळवतो, केस कानावर आलेत त्याचे, बघून माझे हात शिवशिवतात. पोस्टमास्तरांचा नंबर आला तेव्हा खिडकीतलीच खुर्ची रिकामी होती. नुकताच तिच्यातून क्रेनवाल्याचा मेहुणा उठून गेला होता. पोस्टमास्तर उभेच राहिले. मी ब्रश धूत बसलो. त्यांचं मन काय म्हणत होतं कोण जाणे, गुडघे थांबायला तयार नव्हते. बसले. मी पाठ मागे सोडली, डोकं गादीवर टेकलं. डोळे मिटून म्हणाले, "ही खुर्ची इतके दिवस आम्हाला का दिली नाहीस?"

हस. मीही हसलो, पण न्हाणीत जाऊन.

क्रेनवाला हल्ली इतकं बोलतो की दाढी करताना मला त्याला गप्प करावं लागतं. त्याने तुझं विचारलं. "तुमचे दादा काय म्हणतात? कोर्टानंतर भेट नाही." मी म्हटलं, कामात असतात. आणि त्याच्या तोंडावर फेस लावला, म्हणजे पुढचं विचारायला नको.

बारक्या

१६ जुलै

दादा,

काल कोर्टाच्या अधिकारी येऊन गेल्या. बाई आहेत. येतील ते साहेब असं धरून मी बसलो होतो, त्यामुळे आधी त्यांना म्हटलं की इथे फक्त पुरुषांचे केस कापले जातात. सुरुवात अशी झाली.

आईला मी सकाळीच सगळं सांगून टाकलं, परवान्याचं, सगळं. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहितीये, तुझ्या दादाने सांगितलंय." सांगू नकोस म्हटलं होतं तुला. तुझ्या पोटात काही राहत नाही.

बाई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम करत राहा. वस्तरा बाजूला ठेवला, नुसती कात्री चालवत होतो. त्यांनी आधी पोस्टमास्तरांना विचारलं, इथे कुणाला वेगळी वागणूक मिळते का? पोस्टमास्तर म्हणाले, "पूर्वी मिळायची. चांगली खुर्ची मला मिळत नव्हती." बाईंना ते कळलं नाही, तरी त्यांनी लिहून घेतलं.

मग क्रेनवाला. बाईंनी विचारलं, "तुमची काही तक्रार उरली आहे का?"

तो म्हणाला, "आहे."

माझी कात्री थांबली. मावसभावाने माझ्याकडे बघितलं. दादा, त्या क्षणी मला दुकान गेलं असंच वाटलं, आणि खरं सांगतो, त्याच्यावर राग आला नाही. एवढे दिवस बोलला आणि हे नाही बोलला, एवढंच मनात आलं.

"रेडिओ फार मोठा असतो," तो म्हणाला. "फार थांबायला लागतं. माझ्या मिशीबद्दल यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि मी गोष्ट सांगायला लागलो की शेवट हेच सांगून मोकळे होतात."

बाईंनी सगळं लिहिलं. मग विचारलं, "हा त्रास फक्त तुम्हालाच होतो?"

बाकावरून पोस्टमास्तर म्हणाले, "छे, आम्हालाही होतो. माझ्या गोष्टींचे शेवट मी स्वतः कधी सांगितलेलेच नाहीत." मागून आणखी दोघांनी माना डोलावल्या. सहा महिने मी जीव टांगणीला लावून ज्याची वाट बघितली तो निकाल माझ्याविरुद्ध एकमताने लागत होता, आणि मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी मग निकालाचं शेवटचं पान काढलं. म्हणाल्या, "इथे बंधुतेचा उल्लेख आहे. हे मला विचारणं भाग आहे. हे तुम्हाला भावासारखं वागवतात का?"

क्रेनवाल्याने जरा विचार केला. म्हणाला, "नाही बाई. भावासारखं नाही. यांना एक सख्खा भाऊ आहे, त्याच्याशी यांनी बोलणं टाकलंय. माझ्याशी निदान भांडतात तरी."

सगळे हसले. बाईही हसल्या. मीही हसत होतो, आणि हसता हसता मला कात्री खाली ठेवावी लागली. मावसभावाने पुढचं डोकं स्वतःकडे घेतलं. मी मागे जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

आदेश पाळला गेल्याचं बाईंनी लिहून दिलंय, परवाना राहिला. तो विषय संपला. दुसरा राहिलाय.

तू साक्ष दिलीस ती योग्य दिलीस. हे मी आता खाली सही करून देतो, आणखी कुणाच्या साक्षीची गरज नाही. पण माझीही एक तक्रार आहे आणि ती मी सोडणार नाही. तू इतकी वर्षं गप्प राहून टॉवेलांच्या घड्या घातल्यास आणि मग एकदम कोर्टात बोललास. त्याआधी मला सांगायला हवं होतंस. मी ऐकलं नसतं. आरडाओरडा केला असता, तुला दुकानातून बाहेर काढलं असतं. तरी सांगायला हवं होतंस, दुसऱ्या दिवशी परत येऊन पुन्हा सांगायला हवं होतंस. मी तुझा भाऊ आहे, मला तू आधीच हरलेला धरलास, हे मला लागलंय. यावर तुझं काय म्हणणं असेल ते ऐकायला मी तयार आहे. समोर बसून. आवाज चढेल, ती तयारी ठेव.

आईने तुझा कॉलेजातला फोटो दाखवला. एक कल्ला वर, एक खाली. तिकडे कोण कापतो तुझे केस? असू दे, नाव सांगू नकोस.

ये. सोमवारी दुकान बंद असतं आणि तुझ्यासाठी म्हणून मी उघडणार नाही. रविवारी ये. क्रेनवाला त्या दिवशी सकाळीच येतो आणि सहसा पहिला असतो. बाकावर बसून राहा, त्याच्यानंतर तुझा नंबर.

बारक्या